आहे तसंच द्या

दारावर भांडेवाली आली की बाभुळगावच्या आमच्या गल्लीतल्या बायका घरातले जुने कपडे बाहेर काढायच्या आणि त्यांच्या बदल्यात एखादा डबा, भाताचा गंज, नाहीतर चहाची गाळणी पदरात पाडून घ्यायच्या. माझी आई उलटं करायची. ती घरातला डबा बाहेर आणायची आणि भांडेवालीच्या गाठोड्यातलं एखादं विटलेलं लुगडं घरात घ्यायची. भांडेवालीचं नाव गंगूबाई. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला गाठोडं, आणि "जुन्या कपड्यावर भांडेऽऽ" ही आरोळी तर अशी, की दुपारी झोपलेलं लेकरू दचकून उठायचं. सगळं गाव फिरून झालं की ती शेवटी आमच्या ओसरीवर टेकायची, पाणी मागायची आणि गाठोड्याची गाठ हळूहळू सोडत म्हणायची, "वहिनी, आज एक माल हाय. पण तुमच्याजोगता हाय का नाई, मले काई समजत नाई." एवढं म्हटलं की आईचं काम तमाम. आईच्या लग्नात आलेली बारा ताटं माझ्या आठवणीत आधी सात झाली, मग पाच. सहावा पाहुणा आला की त्याला पत्रावळीवर वाढायचं आणि वर आई सांगणार, "पत्रावळीवर जेवन गोड लागते." बाबा तहसील कचेरीत कारकून होते, मोजकं बोलणारे. त्यांचं या विषयावरचं एकच वाक्य होतं आणि ते त्यांनी मरेपर्यंत बदललं नाही: "लोकं जुनं देऊन नवं घेतेत, आमची बायको नवं देऊन जुनं घेते."

मागच्या खोलीत चार ट्रंका होत्या. त्यांत लुगडी, पोलकी, पैरणी, बंड्या, जरीची टोपी, दोन पागोटी, एक काळा लोकरी कोट, आणि घड्यांच्या मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. त्याच खोलीत माझी पथारी असायची, त्यामुळे माझ्या केसांनाही कायम कडुनिंबाचा वास. आई सातवीपर्यंत शिकलेली, पण अक्षर मोत्यासारखं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून ती चिठ्ठ्या करायची आणि प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला एका टाक्यानं चिठ्ठी शिवायची. कपडा कोणाचा, कुठल्या गावचा, हे गंगूबाईनं सांगितल्याशिवाय सौदाच व्हायचा नाही. 'वेणूबाई, कळंब. पदराला हळद, पहिल्या बाळंतपणातली.' 'गणिताचे मास्तर, काळा कोट. डाव्या खिशात शाई सांडली.' 'नाव ठाऊक नाही. रंग चांगला आहे.' आम्ही घरात कपड्यांना माणसांच्याच नावानं हाका मारायचो. "सुमे, वेणूबाईले जरा उन्हात टाक," असं आई म्हणाली की नव्यानं आलेला माणूस चमकून माझ्याकडे बघायचा.

भाड्यानं देणं सुरू झालं ते शाळेच्या गॅदरिंगमुळे. मुख्याध्यापकांच्या बायकोला नाटकासाठी जुन्या वळणाचं लुगडं हवं होतं, आईनं दोन दिली. पुढं यवतमाळच्या नाटकमंडळींपर्यंत बातमी गेली. भाडं म्हणजे एक नारळ, कधी खण, आणि एक अट. आमच्या घरातून कपडा जाईल तो धुऊन, खळ करून, कडक इस्त्री मारून जाईल, आणि परत येईल तोही तसाच येईल. मळका कपडा दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे आईच्या लेखी पाहुण्याला उष्टं वाढणं. आता माझ्याकडे कपड्यांचे स्टँड आहेत, हाताखाली दोन मुली आहेत, मुंबईहून सिरियलवाले आणि वेबसिरीजवाले फोनवर फोटो मागवतात आणि 'व्हिंटेज कलेक्शन' म्हणतात. आई 'चिंध्या' म्हणायची, पण लाडानं. लोक तोच शब्द वापरायचे, आणि त्यात लाड नसायचा.

मला तो शब्द फार लागायचा, हे आज सांगून टाकते. वर्गात मी 'चिंधीबाजार' होते. एकदा गॅदरिंगमध्ये मी दासीच्या कामासाठी आमच्याच ट्रंकेतलं लुगडं नेसले होते, तर एका मुलीनं पदर नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मेलेल्या बाईचं हाय वाटते." त्या दिवसापासून मला त्या कपड्यांवरचे डाग दिसायला लागले. आधी दिसतच नव्हते असं नाही, पण आता फक्त तेच दिसायचे.

मी अकरावीत होते तेव्हा बाबांची बदली यवतमाळला झाली. तिथं दोन खोल्यांचं घर ठरलं. दोन खोल्यांत आम्ही तिघं मावणार, ट्रंका मावणार नाहीत, हे सांगायला कोणी गणिताचे मास्तर लागत नव्हते. बाबांनी एका गादीवाल्याला बोलावून आणलं. त्यानं ट्रंक उघडली, वेणूबाईच्या हिरव्या लुगड्यात बोट घालून ताणून पाहिलं आणि म्हणाला, "गादीत भराले चालते. फाडा लागन."  आई चुलीपाशी गेली आणि त्या दिवशी आमच्या घरी वरणात मीठ दोनदा पडलं. बाबांनी ते खारट वरण शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. ते वाईट नव्हते. महिनाअखेरीपर्यंत काही मार्ग निघाला तर बघू, एवढं ते म्हणाले, आणि मार्ग निघणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आणि मग मार्ग जीपमध्ये बसून आला! राळेगावच्या रस्त्यावर एक बंद पडलेली जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी होती, जुन्या काळची, दगडी. तिथं सिनेमाचं शूटिंग होणार, सिनेमा आपल्या कापसाच्या जुन्या बाजाराचा, ही बातमी एसटी स्टँडवर येऊन आठ दिवस झाले होते. पण त्या सिनेमाची माणसं आमच्या दारात येतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. यवतमाळच्या नाटकवाल्यांनी पत्ता दिला होता. जीपमधून उतरल्या त्या रेणूताई, सिनेमाचा कपडेपट सांभाळणाऱ्या. सलवार-कमीज, कापलेले केस, गळ्यात शिंप्याची टेप हारासारखी. ओसरीवर पाय ठेवताच त्या म्हणाल्या, "वहिनी, फक्त चहा. दुसरं काहीच करू नका." आई "हो हो" म्हणाली आणि आत जाऊन पाटवडीचं बेसन भिजवायला घेतलं. आमच्याकडची ही रीतच आहे. पाहुण्यानं 'काही करू नका' म्हणायचं आणि घरच्यांनी सगळं करायचं. जो खरंच काही करत नाही त्याचं नाव पुढं दोन पिढ्या निघतं. रेणूताईंनी पाटवडीचा झणझणीत रस्सा नाक पुसत पुसत खाल्ला, भात दोनदा घेतला, आणि आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली, पाह्यलं?

ट्रंका उघडल्यावर मात्र रेणूताईंचं नाक पुसणं थांबलं. त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या. एकेक लुगडं मांडीवर घेऊन, चिठ्ठी वाचून, काठावरून बोट फिरवत होत्या. "हा काठ आता कोणी विणत नाही... हे बघा, हे गुडघ्यावर कसं विरलंय... अहो, मी नागपूर पालथं घातलं, मुंबई पालथी घातली, मला सगळीकडे नाटकातले चकचकीत कपडे दाखवतात!" वेणूबाईचं हिरवं हातात आलं तेव्हा त्यांनी तो हळदीचा डाग खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाल्या, "हे नायिकेला."  पन्नासेक कपडे त्यांनी बाजूला काढले, मास्तरांचा कोटसुद्धा. सोमवारी पहाटे शूटिंग सुरू होणार, गुरुवारी त्या गाडी घेऊन कपडे न्यायला येणार, आणि हे जमलं तर पुढच्या कामांनाही आमच्याकडूनच नेणार, असं ठरलं. आईनं त्या दिवशी पहिल्यांदा बाबांकडे मान वर करून पाहिलं. जाता जाता रेणूताई म्हणाल्या, "वहिनी, काही करू नका हं. आहे तसंच द्या." आई हसून म्हणाली, "हो तं. काहीच नाही करत."

रेणूताईंनी ते हसू ओळखलं असावं. बाई हुशार. जीपपाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुमन, तू शिकलेली मुलगी आहेस, तुला सांगते. हे डाग, हे विरलेलं, हेच मला हवंय. पडद्यावर बाई खरी दिसते ती यानं. धुऊ नका, रफू नको, इस्त्री नको. आईला नीट समजावून सांगशील ना?" मी "सांगते" म्हणाले. मला सगळं समजलं होतं, अगदी लख्ख समजलं होतं. आणि मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, याची मी इतक्या वर्षांत बरीच गोंडस कारणं तयार केली, पण खरं कारण एवढंच: वर्गातल्या त्या सगळ्या पोरी सिनेमा बघायला जाणार होत्या. आमचं लुगडं पडद्यावर भिंतीएवढं दिसणार होतं, आणि त्यावर डाग भिंतीएवढा दिसावा हे मला नको होतं. झळकू देत की एकदाचं, असं मला वाटलं.

पुढचे तीन दिवस आमच्या घरी लग्नघर होतं. आईनं घंगाळभर रिठे भिजवले. विहिरीवर लुगड्यांचा फेस, चुलीवर खळीचं भांडं, कोळशाच्या इस्त्रीतून उडणाऱ्या ठिणग्या, आणि शेजारणी आपापल्या पायानं येऊन पिळायला लागलेल्या. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या, त्यावर लाल, हिरवी, जांभळी, निळी लुगडी, आणि त्यांच्या खालून वाकून जाणारे सायकलवाले. आई मुळात एवढंच करत होती: धुणं, खळ, इस्त्री, जिथं फाटलंय तिथं टाका. चिठ्ठीतल्या डागांना तिनं कधीच हात लावला नव्हता, तेव्हाही लावला नाही. डागांच्या मागे लागले ते मी. ती जेवायला बसली की मी लिंबू आणि मीठ घेऊन विहिरीवर जायची. वेणूबाईची हळद दोन दुपारी घासली आणि उन्हात टाकली, तेव्हा कुठं गेली. पांढऱ्या धोतरांच्या आणि पैरणींच्या बादलीत जिथं आईनं पुडीतली चिमूटभर नीळ टाकली होती, तिथं मी अख्खी पुडी उपडी केली. त्याच पाण्यात एक फिकट आकाशी लुगडंही गेलं. बुधवारी संध्याकाळी घड्या घालताना आई एक पैरण उजेडात धरून जरा वेळ थांबली. मग तिनं ती घडी करून गठ्ठ्यावर ठेवली. दुकानात शिरल्यासारखा वास येत होता, आणि मी इतकी खूश होते की मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी रेणूताई आल्या. आईनं गठ्ठ्यावरचं पांघरूण काढलं, लेकीला नटवून दाखवावं तसं. रेणूताईंनी वरचं लुगडं उचललं. ते खळीनं पुठ्ठ्यासारखं उभं राहिलं. दुसरं उचललं. मग हिरवं शोधलं, पदर उलगडला, इकडून बघितला, तिकडून बघितला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, हे नवे झाले हो." आई म्हणाली, "छान झाले ना?" आणि मग तिला रेणूताईंचा चेहरा दिसला. रेणूताईंनी कपाळाला हात लावला. "मी सांगितलं होतं ना, आहे तसंच द्या? आता मी सोमवारी काय घालू बायकांच्या अंगावर? नागपूरहून नाटकातलेच आणावे लागतील." बाबा दारात उभे होते. त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात गादीवाला होता.

आई उभी होती तशीच खाली बसली. "मले वाटलं, तुम्ही पाहुण्यांसारखं म्हनता," ती म्हणाली. "मले काय मालूम जी?" एवढ्या वर्षांच्या ताटांचा, डब्यांचा, टोमण्यांचा तिचा हिशेब त्या एका दुपारी बरोबर सुटणार होता, आणि तो तिच्याच हातानं चुकला असं तिला वाटत होतं.  मी म्हणाले, "आई, त्यांनी मले सांगतलं होतं. धुऊ नका, डाग राहू द्या म्हनून, सारं समजावून सांगतलं होतं. मीच तुले बोलली नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि बसली असती तर मी गाल पुढंच केला असता. तिनं विचारलं, "त्या बादलीत नीळ तूच टाकली का वं?"

"हो."

"तरीच," आई म्हणाली.

आणि मग, मी हे आजही जसंच्या तसं बघते आहे, तिच्या तोंडावरचा रंग बदलला. पदर खोचून ती उठली. "ताई, कपडा मळवाले काय लागते? आंगात घालून कामाले जा लागते. सोमवारले चार दिवस हायेत. माह्या भावाच्या वावरात वेचनी सुरू आहे. तुम्ही नागपूरले नका जाऊ. सोमवारी पहाटे मी तुमच्या जिनिंगवर येते, नाही पटलं तं द्या फेकून." रेणूताई तिच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "वहिनी, हे मला सुचायला हवं होतं!" त्या म्हणाल्या. मग घाईनं, "पण हिरवं... ती हळद..." आई म्हणाली, "पाहू नं."

शुक्रवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो, कळंबला गाडी बदलली. टपावर दोन गाठोडी. कंडक्टरनं विचारलं, "बाई, दुकान टाकून राह्यल्या काय?" आई म्हणाली, "नाही जी. मळवाले नेऊन राह्यली." आम्ही उतरेपर्यंत तो आमच्याकडे संशयानं बघत होता. मामाचं शेत राळेगावच्या अलीकडे. पांढरंशुभ्र फुटलेलं वावर, आणि त्यात वेचणाऱ्या बायकांची ओळ. त्यांची मुकादम चंद्रभागाबाई, पन्नाशीची, आवाज लाऊडस्पीकरसारखा. आईनं बांधावर गाठोडं सोडून काय हवं ते सांगितलं. चंद्रभागाबाईनं ते दोनदा ऐकलं, मग कमरेवर हात ठेवून हसायला लागली ती थांबेचना. "अव माय वं! आजवर साऱ्याईनं मले मळलेलं धुवाले देल्लं. धुतलेलं मळवाले कोनं देल्लं नाई!" मग बाया तुटून पडल्या. जांभळं मला, लाल मला, अशी झोंबाझोंबी. कित्येकींनी पातळं नेसायला लागल्यापासून नऊवारी सोडलं होतं. चंद्रभागाबाई एकेकीला पुढं ओढून कासोटा घालून देत होती आणि पाठीवर धप्पा मारत होती. ते आकाशी, नीळ जास्त झालेलं, कोणीच घेईना. आईनं ते माझ्या अंगावर टाकलं. "नेस. तूनंच केलं ना? तूच मळव."

मी शेतकऱ्याची भाची, पण वेचणी मला पाहुणी म्हणून माहीत होती. कमरेला ओटी बांधायची, म्हणजे लुगड्याचीच झोळी, त्यात कापूस टाकत जायचं. तासाभरात ओटी जड होते आणि कापड कमरेवर नेमकं एका जागी ओढलं जातं. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात आणि पदराचे धागे ओढून काढतात. गुडघ्यावर काळी माती बसते, झटकली तरी जात नाही. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी. पाणी प्यायल्यावर हात पुसायचा तो पदरालाच, तोंड पुसायचं तेही. दुसऱ्या दिवशी माझ्या कमरेवर, जिथं ओटीची गाठ होती तिथं, आकाशी कापड उसवत विरत गेलं, आणि मी ते बघून ओरडले, "आई, फाटलं! फाटलं वं!" एवढ्या आनंदानं कोणी फाटल्याची बातमी दिली नसेल. मला तेव्हा कळलं, की ट्रंकेतल्या प्रत्येक लुगड्याला तिथंच, कमरेच्या त्याच जागी, विरलेलं का असतं. रोज त्याच खोलीत झोपून मला ते आधी कधी कळलं नव्हतं.

हिरव्याची गोष्ट निराळी. चंद्रभागाबाईची लेक बाळंतपणाला आली होती, बाळ होऊन दहा दिवसही झाले नव्हते, सोयर फिटलं नव्हतं. आईनं जरा चाचरत विचारलं. चंद्रभागाबाई म्हणाली, "सुवेर हाय ना माय, सिनेमाच्या बाईले चालन काय?" आई म्हणाली, "वेनूबाईचंही तसंच होतं. तिची हळद आम्ही धुतली, आता पुन्हा कोठून आनू?" तीन दिवस ते लुगडं त्या लेकीच्या अंगाखाली आणि अंगावर राहिलं. हळद-तेलाचं माखणं, शेगडीचा धूर, वेखंड, बाळाचं सगळं. इकडे बाभुळगावात बाबा एकटे होते. त्यांना आई एवढंच सांगून आली होती, की कोटाला कोपरांपाशी घड्या पडल्या पाहिजेत. शुक्रवारी आणि शनिवारी, दोन्ही दिवस, माझे बाबा मास्तरांचा काळा लोकरी कोट घालून कचेरीत जाऊन बसले. दुपारी ऊन होतं. घामाघूम झाले, पण टेबलावर कोपरं टेकून लिहीत राहिले. कोणी विचारलं, "काय साहेब, आज काय सण आहे?" तर म्हणाले, "ड्यूटीवर हावो." हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, शेजारणीनं सांगितलं.

सोमवारी पहाटे थंडी मी म्हणत होती. बैलगाडीतून आम्ही जिनिंगवर पोचलो, सोबत वेचणीच्या सगळ्या बाया, कारण आपलं लुगडं नीट जातं की नाही हे त्यांना बघायचंच होतं. बाबा रजा टाकून, कोट अंगात घालूनच आले होते. रेणूताईंनी गाठोडं सोडलं. मातीचा, घामाचा, चुलीचा वास वर आला. एकेक उचलून त्या भराभर बाजूला ठेवत होत्या. शेवटी हिरवं निघालं. त्यांनी पदर उलगडला. नवी पिवळीजर्द हळद, वेणूबाईच्या हळदीपेक्षा दोन बोटं मोठी. त्यांनी तो पदर नाकाशी नेला, गॅदरिंगमधल्या त्या मुलीनं नेला होता तसाच. रेणूताई म्हणाल्या, "वेखंडाचा वास येतोय," आणि त्यांचे डोळे भरले होते. "वहिनी, असं कोणालाही करता येत नाही हो. कुठंच नाही."

त्या दिवसाचं पुढचं सगळं मला उड्या मारतच आठवतं. मुंबईहून आणलेल्या मुलींना कासोटा सावरेना, म्हणून चंद्रभागाबाई आणि तिच्या बायांनाच गर्दीत उभं केलं. डायरेक्टर तिला सांगत होता, असं चाल, तसं चाल, ती म्हणाली, "मी जशी चालतो तशी चालन, तुमाले दिसलं तं पाहा." पहिल्याच वेळी शॉट पास झाला. बाबांचा कोट मुनीम झालेल्या नटाच्या अंगावर गेला, आणि बाबा कॅमेऱ्यामागं उभे राहून त्याच्या कोपरांकडे असे बघत होते जसं काही ती घडी सरकारी दप्तरात नोंदवायची आहे. मग नायिका बाहेर आली, हिरवं नेसून. ती मोठी नटी, तिचे फोटो पानटपरीवर लागलेले असायचे. पण आईनं तिचं नावही घेतलं नाही. माझा हात घट्ट धरून ती कुजबुजली, "वेनूबाई आली, सुमे."

परतीच्या एसटीत बाबा खिडकीपाशी बसले होते. कळंबला गाडी बदलल्यावरही त्यांनी खिडकीच धरली. मग बाहेर बघतच म्हणाले, "यवतमाळले दोन खोल्यात होत नाही. तीन पाहा लागते. त्या गादीवाल्याले मी सांगून टाकतो." आईनं नुसतं "हं" केलं. थोड्या वेळानं तिनं पदरातून सोललेल्या तुरीच्या शेंगांचे दाणे काढले, चंद्रभागाबाईनं बांधून दिलेले, आणि आम्ही तिघांनी ते बाभुळगाव येईपर्यंत खाल्ले.

माझ्या निळीबद्दल, माझ्या गप्प राहण्याबद्दल आई पुढं कधीच बोलली नाही. मीही विषय काढला नाही. तिनं त्या तिसऱ्या खोलीतून तीस वर्षं कपडे पाठवले, आणि प्रत्येक गाठोड्यावर कागद चिकटवलेला असायचा: 'धुऊन परत करू नये.' तिनं माफ केलं की नुसतं विसरली, हे मला ती असेपर्यंत समजलं नाही, आणि विचारायची हिंमत, खरं सांगते, झाली नाही.

ती गेल्यावर मी चौथी ट्रंक तळापर्यंत उपसली. अगदी खाली, कडुनिंबाच्या पाल्यात, ते आकाशी लुगडं होतं. मी समजत होते की ते कधीच विरून गेलं असेल. कमरेवर फाटलेलं, गुडघ्यावर राळेगावची काळी माती तशीच, आणि कडेनं निळीचे ढग. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका मुलीनं फोनवर व्हिडिओ बघता बघता ते मागच्या कपाटात हेरलं. "मॅम, हे, हे परफेक्ट आहे! हेच पाठवा ना, आहे तसंच!" मी म्हटलं, बाकी काहीही ने, हे भाड्यानं नाही. तिनं विचारलं, का? मी तिला चिठ्ठी दाखवली. कोपऱ्याला एका टाक्यानं शिवलेली, कॅलेंडरच्या कागदाची, मोत्यासारख्या अक्षरातली:

'सुमीचं. राळेगावची वेचणी. नीळ जास्त झाली होती. धुऊ नये.'